एस कॉम्बॅटमधली क्रूझ क्षेपणास्त्रं: वर पळायचं की खाली दडायचं?

अर्धवट_वैमानिक

बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. जिलेबी (उगाच पाडलेला फुटकळ धागा) वाटली तर पुढे सरका.

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरच्या खोक्यात जुना पीएस-२ (प्लेस्टेशन-२, व्हिडिओ गेमची पेटी) सापडला. २००७ साली लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड आणलेला. झाकण नीट बसत नाही म्हणून त्यावर डिक्शनरी ठेवायला लागायची, तीही त्याच खोक्यात होती. सोबत एस कॉम्बॅट ०४ आणि ५ च्या डिस्क. त्या रात्री बायको माहेरी, मग काय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ही नामकोची विमानयुद्धाची मालिका, प्लेस्टेशनवर १९९५ पासून. जग काल्पनिक (चाहते त्याला स्ट्रेंजरिअल म्हणतात), देश काल्पनिक: ओसिया, एरुसिया, युक्टोबानिया, बेल्का. विमानं मात्र खरी. एफ-१४, सुखोई, मिराज, सगळी आपल्या ओळखीची. आणि प्रत्येक भागात शत्रूकडे एक अवाढव्य, अशक्य शस्त्र.

पाचव्या भागात ‘सिनफॅक्सी’ नावाची राक्षसी पाणबुडी आहे. ती क्रूझ क्षेपणास्त्रं सोडते, ती तुमच्या डोक्यावर येऊन हवेतच फुटतात आणि खालचं सगळं साफ. वाचायचा मार्ग एकच, ५००० फुटांच्या वर जा. मी आणि माझा धाकटा भाऊ हे खेळायचो तेव्हा तो पलंगावर उभा राहून ओरडायचा, “वर घे! दादा, वर घे!” उंचीचा आकडा ४६००, ४७००, विमान हळू होतंय, रेडिओवर नवशिक्या पोरांचे आवाज, आणि मग पडदा पांढरा. ते आवाज पुन्हा येत नाहीत. परवा एकटाच खेळत होतो तरी ४७०० ला तळहाताला घाम.

तर मुद्दा असा. क्रूझ क्षेपणास्त्र या वस्तूशी हा खेळ पूर्ण उलटा वागतो. खऱ्या क्रूझ क्षेपणास्त्राची सगळी करामत दिसू नये यात असते. टॉमाहॉक बघा, ताशी ८८० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या प्रवासी विमानाएवढाच वेग. पण जमिनीला चिकटून, डोंगराच्या आडोशाने, चोरपावलांनी. दाराशी येईपर्यंत पत्ता नाही. खेळात ते ढोल-ताशे लावून येतं. कंट्रोलवाला आधी सांगतो, उलटी गिनती होते, धुराची रेघ दिसते, आणि लक्ष्य कोण, तर हवेतली लढाऊ विमानं! क्रूझ क्षेपणास्त्र सोडून कोणी विमान पाडतं का? इमारत पळत नाही म्हणून तिच्यावर सोडतात.

माझं मत: हे शस्त्र नाहीच. हे घड्याळ आहे. खेळाडूच्या पंखाखाली साठ-सत्तर क्षेपणास्त्रं देऊन ठेवल्यावर त्याला घाबरवायचं कसं हा त्या लोकांपुढचा प्रश्न. मागे लागलेल्या क्षेपणास्त्राला आपण सवयीने झुकांडी देतो. म्हणून त्यांनी असं काहीतरी काढलं जे तुमच्या मागे लागतच नाही, तुम्ही उभे आहात ती जागाच काढून घेतं.

पटतंय का?

निळा_कंदील

धागा आवडला, पण पहिल्याच घासाला खडा. सिनफॅक्सीची ती क्षेपणास्त्रं क्रूझ नाहीत, बॅलिस्टिक आहेत. वर जातात, कमान करून खाली येतात आणि हवेत फुटतात. खेळात त्यांना बर्स्ट मिसाइल म्हणतात. ते वरून येतंय आणि तुम्हालाही वर जायचंय, मजा त्यातच आहे.

क्रूझ हवं असेल तर तुमच्याच खोक्यातली दुसरी डिस्क लावा. ०४ मध्ये ‘ब्रेकिंग ॲरोज’ नावाची मोहीम आहे, खेळातल्या ‘स्टोनहेंज’वरच्या मोहिमेनंतरची. त्यात एरुसियाने सोडलेली क्रूझ क्षेपणास्त्रं शोधून पाडायची असतात. ढोल नाहीत, ताशे नाहीत. त्या भागातली सगळ्यात कमी गाजलेली मोहीम असेल, पण तुमच्या त्या ‘चोरपावलां’च्या सगळ्यात जवळची.

आणि क्रूझचा खरा राजा सहाव्या भागात. ‘निंबस’. तो तुम्ही खेळलेले दिसत नाही.

अर्धवट_वैमानिक

@निळा_कंदील, बॅलिस्टिकचं मान्य. वीस वर्षं चुकीचं घेऊन फिरत होतो, चूभूद्याघ्या. शीर्षकातला ‘वर’ त्यामुळे बॅलिस्टिक झाला, पण आता बदलत नाही.

सहावा नाही खेळलो. तो फक्त एक्सबॉक्स ३६० वर आला ना. आमच्या घरात एक पेटी आणायलाच तीन महिने वडिलांच्या मागे भुणभुण केली होती, दुसरी कुठून आणणार?

कडू_कारलं

एका विमानाला सत्तर क्षेपणास्त्रं, वर शेपटीला आग लागली तरी आतला हिरो शाबूत. चाळिशीला आलेल्या माणसांनी यावर निबंध लिहायचे. चालू द्या.

नागोयाकर

कारलेबुवा, तुम्ही धागा उघडलात, पूर्ण वाचलात आणि टंकलंतही. म्हणजे आवडला.

मी सहावा खेळलोय, सांगतो. एस्टोव्हाकिया एमेरियावर हल्ला करते, पहिलीच मोहीम राजधानी ग्रेसमेरियावर. सकाळची वेळ, खाली पूल, किल्ला, समुद्र चमकतोय. आपण बऱ्यापैकी जिंकत असतो. आणि मग लांबून निंबस येतात. आपल्या बाजूची विमानं झुंडीने पडतात आणि कंट्रोलवाला घोस्ट आय माघारीचा हुकूम देतो. राजधानी सोडून पळायचं. कुठल्याही व्हिडिओ गेमच्या पहिल्या मोहिमेत एवढं अपमानास्पद वाटलं नव्हतं. कोणी मारलं तेच दिसलं नाही!

अर्धवटराव, तुमच्या ‘ढोल-ताशे’ला हे उत्तर आहे. क्षेपणास्त्र दिसतं, पण ते कुठून आलं हे कितीतरी मोहिमा कळत नाही. मग कळतं की ‘आयगायन’ नावाची उडती विमानवाहू नौका आहे, कॉटॉस आणि गायजिस तिच्या सोबतीला. (ग्रीक पुराणातले शंभर हातांचे तीन भाऊ. नावं ठेवायला या लोकांनी कोणीतरी शास्त्रीबुवा बसवलेला असणार.) निंबस तिच्या पाठीवरून सुटतात. तिला पाडायला जाताना आपल्यालाच रडारच्या फटींतून, चोरासारखं जायला लागतं. म्हणजे त्या मोहिमेत आपणच क्रूझ क्षेपणास्त्र!

अर्धवट_वैमानिक

आपणच क्रूझ क्षेपणास्त्र, हे लय भारी.

तरी माझा मूळ प्रश्न राहतोच. निंबस विमानांवर का सोडतात? गणित जमत नाही हो.

रेवती_मास्तरीण

गणित मी करते, हातात खडू आहेच.

समजा निंबस टॉमाहॉकच्या वेगाने येतं, सेकंदाला साधारण २५० मीटर. शंभर किलोमीटरवरून सोडलं तर पोचायला ४०० सेकंद, म्हणजे जवळजवळ सात मिनिटं. तुमचं विमानही तेवढ्याच वेगाने उडतंय. सात मिनिटांत ते शंभर किलोमीटर कुठल्याही दिशेला गेलेलं असेल. नकाशावर शंभर किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. पुणे मध्यावर धरलं तर महाबळेश्वर आत येतं आणि मुंबई जेमतेम बाहेर राहते. एवढ्यात कुठेही. स्फोट कितीही मोठा केला तरी हे झाकायचं कसं?

म्हणून अर्धवटरावांचं म्हणणं वरवर बरोबर. “विमानावर असलं कोणी सोडत नाही.”

पण सोडत होते.

बोमार्क नावाचं अमेरिकन क्षेपणास्त्र होतं, पन्नाशीच्या दशकातलं. बघाल तर चक्क विमान. पंख, शेपूट, पोटाखाली दोन रॅमजेट इंजिनं, फक्त आत माणूस नाही. जमिनीवरून उभं सुटायचं, उंची गाठली की आडवं व्हायचं आणि शेकडो किलोमीटर लांब जायचं. लक्ष्य होतं सोव्हिएत बॉम्बर विमानांचे ताफे. रडारची माहिती ‘सेज’ नावाच्या अवाढव्य संगणकांच्या जाळ्यात जायची आणि ते जाळं बोमार्कला वाटेतच सांगत राहायचं, जरा डावीकडे, जरा वर. नेम शेवटी थोडा चुकला तरी हरकत नव्हती, कारण टोकाला १० किलोटनच्या आसपासचा अणुबॉम्ब बसवायची सोय होती. कॅनडातसुद्धा नॉर्थ बे आणि ला मकाझाला ती उभी होती आणि त्यावरून तिथल्या राजकारणात मोठा गदारोळ झाला.

म्हणजे वरच्या गणितातल्या दोन्ही अडचणी त्यांनी सोडवल्या होत्या. लक्ष्य हललं तर वाटेत नवा पत्ता कळवायचा, आणि उरलेल्या चुकीवर अणुस्फोट ओतायचा. निंबस म्हणजे बोमार्कचा नातू. अणुबॉम्ब तेवढा काढून घेतला.

निळा_कंदील

मास्तरीणबाई, दंडवत. बोमार्क ऐकून होतो, पण हा धागा जुळला नव्हता.

रेवती_मास्तरीण

थांबा, अजून एक आहे आणि हे अर्धवटरावांच्या ५००० फुटांसाठी.

जिनी नावाचं रॉकेट. विमानातून विमानांवर सोडायचं, दिशादर्शन काही नाही, सरळ जाणारं, दीड किलोटनचा अणुबॉम्ब. १९ जुलै १९५७ ला नेवाडात त्याची खरी चाचणी झाली. एफ-८९ विमानाने ते सोडलं आणि जमिनीपासून साडेपाच किलोमीटरच्या आसपास उंचीवर ते फुटलं. आता ऐका. त्या स्फोटाच्या बरोबर खाली, वाळवंटात, पाच अधिकारी मुद्दाम उभे राहिले होते. आपल्याच शहरांच्या डोक्यावर हे फोडलं तरी खालच्या माणसाला काही होत नाही, हे दाखवायला. शेजारी हाताने रंगवलेली पाटी: “ग्राउंड झीरो, लोकसंख्या पाच”. चित्रीकरण करणारा सहावा, तो पाटीत धरलेला नाही.

त्याची फिल्म आहे, मी वर्गात दाखवते. स्फोट झाल्यावर ते मान वर करून बघतात, काही क्षणांनी आवाज पोचतो तेव्हा दचकून खाली वाकतात आणि मग हसत एकमेकांचे हात हातात घेतात. नववीची पोरं दरवर्षी इथे गप्प होतात. कोणालाच कळत नाही हसायचं की काय करायचं.

तर सिनफॅक्सीचं शस्त्र कल्पनेतून उगवलेलं नाही. हवेत फोडून विमानांचा थवा एका दणक्यात संपवायचा, ही शुद्धीवरच्या माणसांनी पैसे खर्च करून बांधलेली गोष्ट आहे.

गेमर_बंड्या

ताई तुम्ही आमच्या शाळेत का नाही 😭

पण ५००० फूट लॉजिक तरीही चुकीचं. वर फुटलं तर वरचा मेला पाहिजे, खालचा नाही.

निळा_कंदील

बंड्या, बरोबर पकडलंस. खेळात स्फोट त्या उंचीखाली होतो आणि वरचे वाचतात, असं मानायचं. का? कारण खेळाडूला एक कृती द्यायची आहे. ‘वर जा’ ही विमानाच्या खेळातली सगळ्यात अवघड कृती. वेग मरतो, नाक आभाळाकडे, शत्रू दिसत नाही. ‘खाली जा’ म्हटलं असतं तर कोणीही नाक दाबून दहा सेकंदांत पोचला असता. इथे मी अर्धवटरावांच्या घड्याळवाल्या मताशी +१.

जुना_ओझरकर

नमस्कार. मी एरवी फक्त वाचतो. नातवाने हा धागा दाखवला म्हणून लिहितो.

माझी नोकरी ओझरला झाली. सुखोई-३० एमकेआय तिथे तयार होतात हे सर्वांना ठाऊक आहे. कारलेबुवांचा सत्तर क्षेपणास्त्रांचा मुद्दा मला अगदी मान्य आहे. नातू सातव्या भागात सुखोई-३० एसएम उडवतो. ते आपल्या एमकेआयवरूनच बेतलेलं रशियन विमान, त्यामुळे मी शेजारी बसून बघतो. तो एकामागून एक सोडत राहतो आणि मी मोजत राहतो. बारा जागा आहेत रे बाबा त्या विमानाला, बारा!

ब्राह्मोस तर एकच. पोटाखाली, मधोमध. अडीच टनाचं ते क्षेपणास्त्र लावायचं म्हणून विमानाच्या सांगाड्यात बदल करायला लागले, मजबुती वाढवायला लागली. ब्राह्मोस लटकवून पहिलं उड्डाण झालं ते नाशिकलाच, २५ जून २०१६ ला. मग २२ नोव्हेंबर २०१७ ला बंगालच्या उपसागरावर ते पहिल्यांदा विमानातून डागलं. २०२० च्या जानेवारीत तंजावरला २२२ स्क्वाड्रन उभी राहिली, टायगरशार्क्स. हे सगळं पेपरात आलेलं आहे, आतलं काही सांगत नाही.

एक गोष्ट खेळवाल्यांना सांगण्यासारखी. ब्राह्मोस सुटतं तेव्हा लगेच पेटत नाही. आधी नुसतं पडतं, दगडासारखं, शंभर-दीडशे मीटर. विमानापासून लांब झालं की मग बूस्टर पेटतो. त्या फिल्ममध्ये बघा, ते पडत असतं तेवढा वेळ श्वास रोखला जातो. अडीच टनांचं ओझं एका क्षणात सुटल्यावर विमानाचं काय होत असेल तेही मनात आणा. नातवाच्या खेळात बटण दाबलं की फुर्रकन पुढे. विमान हलतसुद्धा नाही.

अर्धवट_वैमानिक

काका, तुम्ही लिहिलंत, धागा सार्थकी लागला. अजून लिहा.

एक विचारू? ब्राह्मोस तर टॉमाहॉकसारखं दबकत जात नाही ना, आवाजाच्या पावणेतीनपट वेगाने जातं. मग ते ‘ढोल-ताशे’ गटातलं की ‘चोरपावलं’ गटातलं?

जुना_ओझरकर

दोन्ही. शेवटच्या टप्प्यात तेही खाली येतं. पण त्याची भिस्त वेगावर. २९० किलोमीटर जायला टॉमाहॉकच्या वेगाने वीस मिनिटं लागतील, ब्राह्मोसला उंचावरून सहाच्या आत. दिसलं तरी करणार काय? वीस मिनिटांत माणूस चहा टाकून, पिऊन, कप विसळून ठेवेल. सहा मिनिटांत दूधसुद्धा वर येत नाही.

रेवती_मास्तरीण

काका 😄 हे उद्या वर्गात वापरते.

कडू_कारलं

ओझरकर काकांचे प्रतिसाद वाचनीय. बाकी धागा अजूनही जिलेबीच.

ते उडतं जहाज वगैरे मात्र अति झालं. कुठला देश हवेत तरंगणारी गोदामं बांधणार?

नागोयाकर

कारलेबुवा, सत्तरच्या दशकाच्या शेवटी बोइंगने ७४७ प्रवासी विमानाचं क्षेपणास्त्रवाहू रूप सुचवलं होतं. तुम्ही-आम्ही ज्यातून अमेरिकेला जायचो तेच. खुर्च्या काढायच्या, आत फिरत्या मांडण्या बसवायच्या आणि शेपटीजवळच्या दारातून एकेक क्रूझ क्षेपणास्त्र बाहेर ढकलायचं. एका विमानात ७२! बांधलं नाही, पण आराखडे आहेत. आणि २०२१ मध्ये अमेरिकन हवाई दलाने मालवाहू विमानाच्या मागच्या दारातून पॅलेटवर बांधलेली क्षेपणास्त्रं पॅराशूटने खाली सोडून, हवेतच डागून दाखवली. रॅपिड ड्रॅगन नाव त्याचं. आयगायन हास्यास्पद नाही, फक्त महाग आहे.

सिनफॅक्सीचंही तेच. अमेरिकेने ओहायो वर्गातल्या चार पाणबुड्यांमधून अण्वस्त्रं काढून प्रत्येकीत १५४ टॉमाहॉक बसवली. आणि पाणबुडीतून विमानं उडवायचं म्हणाल तर जपानने दुसऱ्या महायुद्धात आय-४०० वर्गाच्या पाणबुड्या बांधल्या होत्या. एकीत घडी घातलेली तीन विमानं. खेळ बनवणारे जपानी, त्यांना ते कोणी शिकवायला नको.

सातव्या भागाचं एक सांगून थांबतो. जानेवारी २०१९ ला आला तो. युद्ध कसं सुरू होतं? ओसियाच्या बंदरांत उभे असलेले साधे मालवाहू कंटेनर उघडतात आणि आतून ड्रोन उडतात. तेव्हा आम्ही हसलो होतो. रशियाने कंटेनरमध्ये लपवायची क्रूझ क्षेपणास्त्रं प्रदर्शनात मांडली होती, कल्पना तिथून उचलली असेल असं वाटलं. मग १ जून २०२५ ला युक्रेनने रशियात ट्रकवरच्या लाकडी खोक्यांतून ड्रोन उडवले आणि तळावर उभी असलेली बॉम्बर विमानं जाळली. त्यांत टीयू-९५ होती, युक्रेनवर क्रूझ क्षेपणास्त्रं सोडणारी. क्षेपणास्त्र हवेत पकडायला जमत नाही म्हणून त्याचं घरटंच पेटवलं. आयगायनवाली मोहीम आठवली. पण त्या दिवशी खेळाची आठवण काढणं जरा ओंगळ वाटलं, तेही खरं.

गेमर_बंड्या

मग सातव्यातलं बंकर बस्टर? त्यात सायलोमधून (जमिनीतल्या विहिरीसारख्या कोठ्या) क्षेपणास्त्रं सुटतात आणि ती उंच जायच्या आत पाडायची. मी ट्रिगर (त्यातला आपला वैमानिक) घेऊन पहिल्याच प्रयत्नात केलं. सोप्पं आहे.

निळा_कंदील

ती बॅलिस्टिक, बाळा. आणि सोपं नाही, तू ‘इझी’वर खेळलायस.

गेमर_बंड्या

…

रेवती_मास्तरीण

मला या सगळ्यात ‘ब्रेकिंग ॲरोज’चं कुतूहल वाटलं. लढाऊ विमानाने क्रूझ क्षेपणास्त्राचा पाठलाग करायचा हा प्रकार इतिहासात पहिल्यांदा झाला तो १९४४ च्या उन्हाळ्यात, इंग्लंडवर. जर्मनीचा व्ही-१. पहिलं खरंखुरं क्रूझ क्षेपणास्त्र. नाकावर एक चिमुकला पंखा, हवेने फिरणारा. तो किती वेळा फिरला ते आतलं यंत्र मोजत उलटं यायचं. शून्य झालं की नाक खाली. लंडनचा पत्ता म्हणजे एवढंच, एका पंख्याचे ठरावीक फेरे.

वेग ताशी ६४० च्या घरात. त्या काळच्या बहुतेक विमानांना मागून गाठणं कठीण. टेंपेस्टसारखी वेगवान विमानं लावली. पण गाठल्यावर खरी पंचाईत: पुढे ८५० किलो स्फोटकं. जवळून गोळ्या घातल्या तर ते फुटून तुम्हीच जाळात, लांबून घातल्या तर लागत नाहीत. काही वैमानिकांनी मग वेगळाच मार्ग काढला. शेजारी जायचं, आपल्या पंखाचं टोक त्याच्या पंखाखाली आणायचं आणि हवेच्या दाबाने त्याला कलंडवायचं. पुरेसं कलंडलं की त्याची दिशा सांभाळणारी भिंगरी गोंधळते आणि ते खाली जातं. ४ ऑगस्ट १९४४ ला मीटिअर या नव्या जेट विमानाच्या एका वैमानिकाच्या तोफा अडकल्या, त्यानेही हेच केलं. जेट विमानाने पाडलेला पहिला व्ही-१ तो.

अर्धवटराव, ०४ ची डिस्क आहे ना तुमच्याकडे? फक्त गन वापरून खेळून बघा आणि सांगा.

अर्धवट_वैमानिक

आव्हान स्वीकारलं. डिक्शनरी झाकणावर ठेवलेली आहे.

अर्धवट_वैमानिक

आलो. रात्रीचे पावणेदोन.

एफ-१४ घेतलं. पहिल्या दोन खेपा वाया. सवयीने पूर्ण वेगात मागून गेलो आणि क्षेपणास्त्राच्या पुढेच निघून गेलो. शत्रूचं विमान वळतं, लपतं, त्याच्याशी भांडता येतं. हे वळतच नाही! सरळ, एका लयीत, तुमच्याकडे बघतही नाही. तुम्ही त्याच्या जगात नाहीच. पुढे गेलात की पुन्हा वळसा, तोवर ते पुढे सरकलेलं आणि त्याच्या मागची दोन आणखी पुढे.

तिसऱ्या खेपेला वेग कमी केला, ब्रेक लावत लावत मागे राहिलो. एवढं जवळ गेलो की पडद्यावर त्याचे आखूड पंख दिसायला लागले. एरवी ही मोहीम मी लांबून लॉक करून दोन मिनिटांत उरकायचो, त्यामुळे ते पंख मी कधी पाहिलेच नव्हते. सगळी नुसत्या गनने नाही पाडता आली, शेवटच्या दोनांवर क्षेपणास्त्रं सोडली, कबूल करतो.

आणि मास्तरीणबाई, अगदी नाकासमोर फुटलं तरी मला ओरखडा नाही. जाळातून सरळ आरपार. व्ही-१ वाल्यांना हे सांगितलं तर काय म्हणतील.

‘शस्त्र नाही, घड्याळ’ हे मी सुरुवातीला लिहिलं ते निंबसला आणि सिनफॅक्सीला लागू. या मोहिमेतल्यांना नाही. ही खरी आहेत. म्हणूनच बहुधा कोणाला आठवत नाहीत.

रेवती_मास्तरीण

पंखाने कलंडवून बघितलंत का?

अर्धवट_वैमानिक

बघितलं. मी मेलो, ते गेलं.

जुना_ओझरकर

नातू आता हाच भाग खेळायचा म्हणून हटून बसला आहे. तो जुना पीएस-२ हल्ली कुठे दुरुस्त करून मिळतो का? आमच्याकडचा मुलाच्या लग्नाआधीचा आहे, चालू होतो पण डिस्क वाचत नाही. नाशिकमध्ये कोणी असेल तर कळवा.

निळा_कंदील

काका, लेन्सवर धूळ असेल. आधी कापसाने हलक्या हाताने पुसून बघा. नाहीच झालं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

कडू_कारलं

माझ्याकडे एक चालू स्थितीत आहे. नाशिकरोड. काकांना चालत असेल तर रविवारी आणून देतो.